येसूकाकूंच्या नऊ करवंट्या

येसूकाकू रोज नागावच्या समुद्रावर नऊ करवंट्या पुरून यायच्या, आणि समुद्र त्या रोज उपटून न्यायचा. दुसऱ्या दिवशी ओहोटीला काकू नव्या करवंट्या टोपलीत घालून पुन्हा हजर. भांडण दोघांचं जुनं होतं आणि माघार कुणीच घेत नव्हतं. आमच्या घरी नारळ फोडला की करवंटी चुलीत घालायची सोय नव्हती. कुंपणापलीकडून हाक यायचीच, "सुशे, ठेव गो ती. सातव्या खळग्याला हवीय."

मी लग्न होऊन नागावात आले ती तीस सालाच्या आसपास. काकूंची वाडी आमच्या शेजारची. त्यांचे यजमान आप्पा मुंबईला साहेबलोकांच्या क्लबात हेडक्लार्क होते. राहायला जागा मैदानाच्या मागेच. तिथल्या एका मडमेनं एका दुपारी गंमत म्हणून काकूंच्या हातात गोल्फची काठी दिली आणि ती काकूंनी सोडलीच नाही. पेन्शन घेऊन दोघं गावी परतली तेव्हा काकूंच्या सामानात तीन काठ्या, पाच चेंडू आणि एक पत्र्याची ट्रंक होती. भांडीकुंडी मागाहून आली.

काठ्यांना त्या जावांची नावं द्यायच्या. थोरली लांब मारायची, मधली उचलून टाकायची आणि धाकटी चेंडूला गोडीगुलाबीनं करवंटीत न्यायची. खरे चेंडू जपायचे म्हणून सराव उंडीच्या झाडाखाली पडलेल्या गोल, टणक फळांवर. घट्ट कासोटा, कमरेला खोचलेला पदर, आणि फळ सणसणत सुरूच्या झाडांपर्यंत! मी भाकरी थापायची सोडून कुंपणाशी उभी राहायचे. बाईमाणसाचा हात एवढा मोकळा फिरताना मी तोवर कधी पाहिला नव्हता. मासळीवाली म्हाळसा मात्र पाटी उतरवून विचारायची, "बाय गो, त्या अंड्यानं तुजं काय वाकरं केलंय?"

"मान खाली!" हे काकूंचं पालुपद. काठी फिरवताना मान वर गेली की फटका वाया, म्हणून. पण त्या हे सगळ्यांनाच सांगायच्या. मसाला कुटणारीला, विहिरीवर पाणी शेंदणारीला आणि मलाही. माझ्या सासूबाई त्यावर बेहद्द खूश होत्या. सुनेला वळण लावणारी शेजारीण मिळाली, असं त्या चारचौघींत सांगत.

एके दिवशी काकू पत्र घेऊन धावतच आल्या. मुंबईच्या एका क्लबात बायकांचे सामने होणार होते. देशी बाईलाही घेणार होते, पण आधी नऊ खळग्यांचा खेळ लिहून पाठवायचा. फटके पन्नासाच्या वर नकोत. खाली सही बरोबर चाललेल्या बाईची हवी, आणि ती घरातली नको. आमच्या आळीत लिहिता येणाऱ्या बायका दोनच, एक काकू आणि दुसरी चौथी पास झालेली मी.

"त्या सामन्यांत आजवर एकही देशी बाई उतरलेली नाही," काकू म्हणाल्या. "मी एकदा उतरले की पुढची अडणार नाही." सासूबाईंनी फक्त विचारलं, "किती वेळ?" काकू म्हणाल्या, "भरती लागायच्या आत आणून सोडते." मान खाली घालायला शिकवणाऱ्या बाईला नाही कसं म्हणणार?

पत्रासोबतच्या कागदावर मैदानाची लांबी विचारली होती. काकूंनी लिहिलं, 'भरतीप्रमाणे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मी पेन्सिल घेऊन मागे, जीव मुठीत. आठ करवंट्या झाल्या, फटके सेहेचाळीस. नववीला थोरली, मधली, मग धाकटी. चेंडू करवंटीपासून दोन हातांवर थांबला. काकू वाकल्या, थांबल्या, मग अलगद टोला दिला. चेंडू टुपकन आत! मी आनंदानं ओरडले आणि मोठ्ठा पन्नास लिहिला.

"खोड ते," काकू म्हणाल्या. "एकावन्न लिही."

"अहो, मी मोजलेत!"

"वाकताना पदर सुटला. चेंडूला लागला, चेंडू हलला. त्याचा एक."

"पण काकू, कुणी पाहिलंय? समुद्रावर चिटपाखरू नाही."

"मी पाहिलं. तू साक्षीला आलीयस ना? मग लिही."

मी लिहिलं. सही केली तेव्हा माझ्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं. काकूंनी नववी करवंटी चेंडूसकट उचलली, पदर पुन्हा खोचला आणि चालू लागल्या. एवढ्या ताठ बाईच्या मागून चालताना मला माझीच लाज वाटत होती.

दोन दिवस मी त्यांच्याकडे फिरकले नाही. मग करवंट्यांचं निमित्त करून गेले. काकू माजघरात ट्रंक उघडून बसल्या होत्या. ट्रंकेत तसल्याच कागदांची चळत होती, मुंबईपासूनची. प्रत्येकावर फटके लिहिलेले, खाली काकूंची सही. त्याखाली जोडीदाराच्या सहीची ओळ होती. मी एकेक कागद उलटत गेले. ती ओळ सगळीकडे कोरी होती.

"मडमेनं शिकवलं, पण बरोबर खेळायला नाही नेलं कधी," काकू म्हणाल्या. "आणि इथे कोण येणार?"

सर्वांत वर आमचा एकावन्नाचा कागद होता.

"हा पाठवला नाहीत?"

"कशाला पाठवू? हा ठेवायचाय."

मग त्यांनी कोपऱ्यातली धाकटी काठी उचलून माझ्या हातात दिली. "उद्या ओहोटी नवाच्या सुमाराला आहे," त्या म्हणाल्या. "घरी विचारून बघशील?"

समुद्राशी रोज भांडणाऱ्या काकूंचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. विचारताना त्यांची मान खाली होती, आणि समोर चेंडू नव्हता.