रहिवासी चांदणी

रविवारच्या सभेपर्यंत बकरीच्या रक्ताचा रिपोर्ट आणा, नाहीतर बकरी सोसायटीबाहेर, असं भूपेंद्रभाईंनी मंगळवारी मालतीबाईंना बजावलं. पांडेसऱ्यातल्या त्या सोसायटीचे ते प्रमुख. जिन्याखाली बांधलेली चांदणी साडेचार महिन्यांची गाभण होती, आणि तिच्यापासून रोग पसरेल असं त्यांचं म्हणणं होतं.

"तिले काही रोग नही," मालतीबाई म्हणाल्या. "रिपोर्ट आणसू. पण ती कोठेच जावाव नही."

गुरांचे डॉक्टर सुकलाल यांनी रक्त काढून दिलं. तपासायची सोय मात्र त्यांच्याकडे नव्हती. मालतीबाईंची भाची योगिता माणसांच्या लॅबमध्ये नोंदणीला होती, म्हणून नमुना तिच्याकडे गेला.

"मावशी, वय?"

"तीन."

"गरोदर लिहिलं की कॉम्प्युटर तीन घेत नाही."

"मंग तेवीस टाक."

प्राणी कोणता, असा रकानाच नव्हता.

गुरुवारी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन आठ पॉइंट सहा, लाल अक्षरात. अशा गर्भवतींची यादी लॅबकडून आरोग्य केंद्राला जाते. त्यामुळे शुक्रवारी केंद्राची आशाबहेन, म्हणजे आशा सेविका, निशा लोहाच्या गोळ्या घेऊन हजर झाली. आधी रहिवासाच्या फॉर्मवर प्रमुखांची सही लागते. मालतीबाईंना विचारून तिने फॉर्म भरला आणि सही घेतली. भूपेंद्रभाई सही करताना वाचत नसत.

"चांदणीबेन कुठे आहेत?"

"जिन्याखाली."

"रक्त इतकं कमी, आणि बाईला जिन्याखाली ठेवता?" निशा तावातावाने खाली गेली. परत आली तेव्हा तिचा आवाज उतरला होता. "मी हे नाव यादीतून कापते, मावशी."

"काप. फॉर्मनी एक प्रत माले दे."

रविवारी भूपेंद्रभाईंनी रिपोर्ट उंच धरला. "लाल अक्षरं बघा. बकरी बीमार आहे."

मालतीबाईंनी फोन स्पीकरवर टाकला. "आठ ते बारा शेळीला चालतं," डॉक्टर सुकलाल म्हणाले. "गाभण असताना थोडं उतरतंही. व्याल्यावर पांढऱ्या पेशी वाढतील, तेव्हा पुन्हा सभा बोलावू नका."

"तरी सोसायटीत फक्त रहिवासी राहतील," भूपेंद्रभाई म्हणाले.

मालतीबाईंनी कागद उलगडला. "चांदणी, वय तेवीस, तळमजला, दोन वर्षांपासून इथली रहिवासी. सही तुमनी."

"ती मी न वाचता..."

भूपेंद्रभाई थांबले. पहिल्या रांगेत सहा जण असे होते, ज्यांच्या घराच्या कागदांवर भूपेंद्रभाईंचीच सही होती. सहाही जण पुढे झुकले.

"वाचूनच केली," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी चांदणीला दोन पिल्लं झाली. मालतीबाई नवा फॉर्म घेऊन भूपेंद्रभाईंच्या दारात उभ्या राहिल्या. "दोन नावं वाढनी. वाचीसन सही करा."

त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदाच शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "वडिलांचा रकाना रिकामा आहे, बेन."

मालतीबाईंनी पेन पुढे केलं. "तुम्हीच भरा. खाले सही तुमनीच ऱ्हाई."