कपाचा शिक्का

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या भाजे गावातल्या बऱ्याच घरांत वर्षातून एक दिवस चहा होत नाही. प्रत्येक घराचा दिवस वेगळा. दूध असतं, साखर असते, दारात पाहुणाही असतो. पण त्या दिवशी गॅसवर चहाचं भांडं चढत नाही. लोक समजतात, ही गेनूआबांची आज्ञा. आबांनी अशी आज्ञा कधीच केली नाही. ते माझं पाप आहे.

गेनूआबा आमचे शेजारी. लोणावळ्याच्या एका बंगल्यावर त्यांनी उभी हयात रखवालदारी केली. गेटवर उभं राहून एकच वाक्य म्हणायचं, "आत यायचं न्हाई!" नोकरी सुटली, वाक्य सुटलं नाही. पोस्टमन आला की, "आत यायचं न्हाई!" परंदवडीहून सख्खी बहीण आली तरी आधी तेच, आणि मग ओशाळून, "आगं, तू व्हय!" काकू, म्हणजे त्यांची बायको, गेल्या तेव्हा समाचाराला आलेली माणसंसुद्धा अंगणातच उभी राहून परतली.

तर हा माणूस कॅलेंडरं करतो. लेणी बघायला येणाऱ्यांच्या चपला पायऱ्यांवर तुटतात आणि तिथंच राहतात. आबा त्या गोणीत भरून आणतात, घासून धुतात आणि दाढीच्या ब्लेडनं रबर कोरून शिक्के करतात. कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. कोऱ्या बाजूवर एकेक तारीख उठवायची, बारा पानं लाकडाच्या खाचेत उभी करायची. तळेगावच्या कंपनीत माझ्या टेबलावर असंच एक आहे. मार्च उलटला की मागच्या पत्रिकेतला कुणी चिमुकला मला 'माझ्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं बजावतो. साहेबांनी एकदा विचारलं होतं, काका कोण म्हणून.

पण खरी दहशत तारखांवरच्या चित्रांची. प्रत्येक घराचं वर्ष आबा आपल्या मर्जीनं आखतात. कात्री म्हणजे केस कापायचे. बादली म्हणजे टाकी धुवायची. सरपंचांच्या कॅलेंडरवर दर महिन्याला झाडू. माझ्यावर दात. आणि नुसतं छापून गप्प बसणारा हा माणूस नव्हे. चावडीपाशी गाठून विचारणार, "आज कात्री हाय तुला. ही झुलपं कशापायी ठिवलीस?"

"आबा, उद्या जातो की."

"शिक्का पडला म्हंजी पडला!"

लोक हसायचे, शिव्या घालायचे आणि मुकाट्यानं न्हाव्याकडं जायचे. माझी दाढ वाचली ती त्यांच्यामुळंच.

पहिल्याच वर्षी प्रत्येक कॅलेंडरवर एक चित्र असं निघालं, की ज्याचा अर्थ कळेना. कप-बशी, वर वाफेच्या तीन रेघा. वाटायला नेणारा मीच, म्हणून आबांनी मला बाजूला घेतलं. आवाज इतका बारीक केला, की हे आबाच का, असं मला वाटलं.

"बाळू, कप म्हंजी त्या दिशी माझ्याकडं चा. ज्याचा त्याचा दिस येगळा ठिवलाय, गर्दी नगं. देताना तेवढं सांग."

"तुम्हीच सांगा की, आबा."

"मला न्हाई जमत. या म्हणाया जातो आन् त्वांडातनं दुसरंच येतं."

मी निघालो. पहिलं घर शेळकेबाईंचं. आमच्या शाळेच्या बाई. त्यांच्याकडं पुण्याचे पाहुणे बसले होते. आबांची खोली माझ्या डोळ्यांपुढं आली: एक खाट, चपलांच्या गोण्या, रबराचा वास. तिथल्या चहाचं आमंत्रण या मंडळींसमोर द्यायची मला लाज वाटली. खरं तेवढंच आहे.

बाई म्हणाल्या, "बाळासाहेब, हा कप कशाचा हो? चहा बंद ठेवायचा का त्या दिवशी?"

मी मान हलवली. हो अशी.

बाईंनी ते शेजारी सांगितलं, शेजारणीनं पुढं. मला उरलेल्या घरी तोंडच उघडावं लागलं नाही. पुढच्या वर्षी खरं सांगावं, तर मागचं उघडं पडणार. म्हणून पुढच्या वर्षीही गप्प राहिलो, आणि मग ती सवयच झाली. आबा विचारायचे, "सांगितलंस नव्हं?" मी म्हणायचो, "हो." त्यांच्याकडं कुणी जातं की नाही, हे मी कधी बघायला गेलो नाही. माझ्या कपाच्या दिवशीसुद्धा कंपनीचं निमित्त काढायचो. बघितलंच नाही, की झालं.

परवा रजा होती. शिडी मागायला म्हणून मी आबांच्या दारात गेलो आणि तिथंच थिजलो. आबांनी धुतलेला सदरा घातला होता, केसांना तेल लावलं होतं. खाटेवर कोरी चादर. चपलांच्या गोण्या मागं ढकलून वर धोतर पांघरलेलं. स्टोव्हवर आधण, बशीत खारी आणि दोन नवे कप.

"तू व्हय? आज शेळकेबाईंचा दिस हाय."

"दर वेळी असं मांडता, आबा?"

"मग? शिक्का पडला म्हंजी पडला."

"आणि... येतं कुणी?"

त्यांनी आधणात साखर टाकली. "लोकास्नी कामं असत्यात." मग स्टोव्ह बारीक करत, "बंगल्यावरनं म्या लय माणसं माघारी धाडली, बाळू. पावसात भिजणारी, पाणी मागणारी. त्याची फिटंफाट चाललीया. आसूदे. बस, निवायचा तो."

बाईंचा चहा मी प्यालो. आणि त्याच वेळी चार घरं पलीकडं बाई चहाविना डोकं दाबून बसल्या होत्या.

संध्याकाळी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. "अहो, डोकं फुटायची वेळ येते माझी त्या दिवशी! आणि ते तिकडं कप मांडून..."

दुसऱ्या दिवशी त्या तडक आबांकडं गेल्या, मी मागून. आबा दारात आले आणि सवयीनं ओरडले, "आत यायचं न्हाई!" बाई हलल्या नाहीत. आबांचे ओठ नुसतेच हलले. मग ते दारातून बाजूला सरकले.

आता मी एकेका घरी जाऊन सांगतो आहे. लोक आधी हसतात, मग त्यांचा चेहरा बदलतो. आबांना मात्र वाटतं, लोकांनी अखेर त्यांना माफ केलं. माफ करण्यासारखं काही नव्हतंच. त्यांना कुणी टाळलं नव्हतं, निरोपच मी पोचवला नव्हता. हे त्यांच्यासमोर बसून सांगणं अजून मला जमलेलं नाही. तेवढं मी त्यांचं देणं लागतो.