वाघ पाहण्याच्या इच्छेबाबत

सिल्वासाजवळच्या डोकमर्डीत राहणाऱ्या मंजुषा देवरे यांना एके दिवशी वाघ पाहण्याची इच्छा झाली. इच्छा साधीच होती. ती नवऱ्याच्या कानावर घालण्याची चूक मात्र त्यांनी केली.

श्रीकांत देवरे सिल्वासातल्या एका धाग्याच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होते. नियोजनाशिवाय कोणी शिंकलं तरी त्यांना वाईट वाटे. "मंजू, पहिल्यांदा सफारीला जायचं म्हणजे चेष्टा नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "समिती नेमावी लागेल."

समिती नेमली गेली. श्रीकांत अध्यक्ष. वरच्या मजल्यावरचा निखिल तांत्रिक सल्लागार, कारण त्याच्याकडे दुधी भोपळ्याएवढी लेन्स होती. खालचे भावेशभाई खानपान प्रमुख. मंजुषाला 'मूळ प्रस्तावक' हे पद मिळालं. या पदाला मताचा अधिकार नव्हता. चहा करण्याचा होता.

पहिली बैठक कपड्यांच्या रंगावर झाली. खाकी ठरला, पण आलेल्या शर्टांची शेड एकमेकांशी जुळेना, म्हणून श्रीकांतनी सगळा लॉट रिजेक्ट केला. दुसरी बैठक खाण्यावर. आवाजाने प्राणी बिचकू नयेत म्हणून प्रत्येक पदार्थ समितीसमोर चावून पाहण्यात आला. ठेपला पास झाला, खाखरा नापास.

"साहेब, खाखऱ्याला एक चान्स आपो ने!" भावेशभाई कळवळले. "चहात बुडवून खाऊ."

"बुडवलेला खाखरा स्पेसिफिकेशनमध्ये बसत नाही," अध्यक्षांनी निकाल दिला.

तिसऱ्या बैठकीत निखिलने नको तो मुद्दा काढला. "सर, वाघ दिसलाच नाही, तर जबाबदारी कोणाची?"

जबाबदारी निश्चित होईपर्यंत प्रस्थान स्थगित झालं. ती निश्चित होता होता पावसाळा लागला आणि जंगल बंद झालं.

"अहो, जंगल उघडलं की नुसतं जाऊया ना," मंजुषा म्हणाली. "दिसला तर दिसला."

चालू मशीनमध्ये हात घालते म्हटल्यासारखं तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

पाऊस ओसरल्यावर 'चाचणी सफारी' घेण्याचं ठरलं. उघडी जीप आणली, एकाच शेडची खाकी चढवली आणि समितीने जवळच्याच दादऱ्याच्या तलावाभोवती फेऱ्या मारल्या. निखिलने असे फोटो काढले, की मागची बाग घनदाट अरण्य वाटावी. फोटो कारखान्याच्या ग्रुपवर पडले आणि 'अभिनंदन सर!'चा पूर आला. 'ही फक्त चाचणी होती,' असं श्रीकांतनी एकदा लिहिलं. ते कोणी वाचलं नाही. मग त्यांनीही पुन्हा लिहिलं नाही. उद्दिष्ट साध्य झाल्यामुळे समिती बरखास्त करण्यात आली.

मंजुषाने चंद्रपूरच्या बहिणीला, सायलीला फोन लावला.

"ताई, विचार नको करूस. नुसती ये," सायली म्हणाली.

"अनियोजित जातेयस, लक्षात ठेव," निघताना श्रीकांतनी बजावलं.

गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बहिणी तिथल्या जंगलात गेल्या आणि पाणवठ्यावर वाघीण आली. पाणी प्यायली. मान वर करून तिने मंजुषाकडे पाहिलं, जिभेने नाक पुसलं आणि कुणाची घाई नसल्यासारखी बांबूत शिरली. मंजुषाच्या डोळ्यांना धार लागली. मोबाइल पर्समध्येच राहिला.

घरी परतल्यावर तिने सगळ्यांना हे सांगितलं.

"फोटो?" निखिलने विचारलं.

"सुचलंच नाही रे."

"मग वहिनी, तांत्रिकदृष्ट्या याला व्याघ्रदर्शन म्हणता येणार नाही."

सगळे गेल्यावर श्रीकांत मात्र तिच्याजवळ येऊन बसले. "नाक कसं पुसलं म्हणालीस?" त्यांनी तिला पुन्हापुन्हा सांगायला लावलं. नवऱ्याने इतकं मन लावून आपलं ऐकल्याला कितीतरी वर्षं लोटली होती. मंजुषा सुखावली.

पुढच्या आठवड्यात कारखान्याने 'वन्यजीव अभ्यासक श्रीकांत देवरे' यांचं व्याख्यान ठेवलं. पडद्यावर जीपमधले फोटो झळकत होते.

"आणि मग तिने मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं," श्रीकांत घोगऱ्या आवाजात म्हणाले. "जिभेने नाक पुसलं..."

सभागृह भारावलं. मागच्या रांगेत बसलेली मंजुषा शेजारच्या खुर्चीकडे झुकून हळूच म्हणाली, "अहो, ती वाघीण मी पाहिलीय."

"शू! सरांना बोलू द्या ना," उत्तर आलं. "अनुभवी माणूस बोलतोय."

अंधारात तिला चेहरा दिसला नाही. वाचकहो, ते तुम्हीच होतात ना?