साहेबांची एकादशी

धनाजीराव काकड्यांच्या घरी मटण शिजत आलं होतं, आणि ते उतरवावं की अजून एक कढ येऊ द्यावा या विचारात निरुपमा असतानाच तिच्या सासूबाई जिजाबाई विठ्ठलमंदिरातून परतल्या. उंबऱ्यातच नाकाला पदर लावून त्यांनी सांगितलं, की आज एकादशी आहे.

एरवी या बातमीने त्या घरात फारशी खळबळ माजली नसती. जिजाबाईंनी एखादं रताळं उकडून घेतलं असतं आणि बाकीच्यांनी कानाडोळा केला असता. पण आज संध्याकाळी धनाजीरावांचे साहेब, लक्ष्मणराव पुणतांबेकर, जेवायला यायचे होते.

धनाजीराव बडोद्याला महसूल खात्याच्या कचेरीत शिरस्तेदार होते. त्यांची बदली ओखामंडळात होणार अशी कुणकुण लागली होती. बडोदे सरकारच्या नोकरीत सगळं चांगलं होतं, फक्त ओखामंडळही बडोदे सरकारचंच होतं, ही एक अडचण होती. तिथे खारं पाणी, खारा वारा आणि समुद्र. घरात बदलीवर खूश एकट्या जिजाबाई होत्या, कारण द्वारका तिथेच होती. पण मुलगी दुर्गा यंदा मॅट्रिकला होती. काकड्यांच्या घरात मॅट्रिकपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी, आणि तिकडे तिच्यासाठी शाळा नव्हती. निरुपमाला या गोष्टीने रात्ररात्र झोप येत नव्हती.

म्हणून साहेबांना जेवायला बोलवायचं ठरलं. लक्ष्मणराव खात्याच्या खर्चाने दोन वर्षं विलायतेत राहून आलेले. असा माणूस सगळं खातो अशी कचेरीत वदंता होती, म्हणून मटण. वारही त्यांनी स्वतःच सांगितला होता. "गुरुवारी येतो. त्या दिवशी आमच्या घरची मंडळी कीर्तनाला जातात," असं म्हणाले होते.

"त्यांनी मुद्दामच एकादशी निवडली," धनाजीराव कपाळाला हात लावून म्हणाले. "परीक्षा बघतायत माझी. आपण मराठे, आपल्याला दुसऱ्याच्या व्रताची चाड आहे की नाही ते बघायचंय त्यांना."

"मग साबुदाण्याची खिचडी करते."

"खिचडी नाही चालायची. एकादशीला साहेबांचा डबाच येत नाही घरून. शिपाई सांगतो, त्यांच्याकडे कडक असते. दुसऱ्या दिवशी पारणं सुटेपर्यंत फक्त पातळ पदार्थ."

निरुपमाने चुलीतली लाकडं मागे ओढली. मग तिने विचारलं, "त्यांच्या घरी चालतं कोणाचं?"

"मंदाकिनीबाईंचं. ते का सांगायला हवं? मागच्या वर्षी साहेबांनी काढलेले बदल्यांचे दोन हुकूम बाईंनी फिरवले. अख्ख्या कचेरीला ठाऊक आहे."

निरुपमाने मटणाचं पातेलं उचलून मागच्या गोठ्यात नेऊन ठेवलं, चुलीवर शेण फिरवलं आणि कामाला लागली. जेवण नाही तर नाही, पण घरी आलेला माणूस असा कोरडा पाठवायचा नव्हता. विलायतेत जेवणाचे पदार्थ एकामागून एक येतात, सगळे एकदम पानात पडत नाहीत, असं साहेबांनीच कचेरीत कौतुकाने सांगितलेलं होतं. तेव्हा पेयंही तशीच एकामागून एक यायची. धनाजीराव मांडवीजवळच्या गुणवंत सोडावाल्याकडे धावले. त्याने साध्या सोड्याबरोबर आल्याचा सोडाही गळ्यात मारला. "लई जाव ने साहेब, पेट एकदम हलकं," असं तो म्हणाला. धनाजीरावांच्या वडिलांनी कुठल्याशा लिलावात घेतलेले उंच दांडीचे काचेचे पेले कपाटातून निघाले. त्यांत आजवर फक्त समईच्या वाती ठेवल्या जात.

मग जिऱ्यावरून वाद झाला. आपल्यात उपासाला जिरं चालतं, असं निरुपमाचं म्हणणं. आपल्यात चालतं म्हणून त्यांच्यात चालेलच असं नाही, असं जिजाबाईंचं. वेलचीवर तडजोड झाली. सब्जाचं बी हे धान्य की नाही, यावर मात्र घरात एकमत झालं नाही, म्हणून ते झाडाचं फळच आहे असं धनाजीरावांनी ठरवून टाकलं. पुरुषांना अशा बाबतीत फार चटकन ठरवता येतं.

दिवे लागायच्या वेळी लक्ष्मणराव आले. प्रसन्न होते. दुपारी काही खाल्लेलं नाही हे चेहऱ्यावरून दिसत होतं. बसल्या बसल्या पहिला पेला आला. कैरीचं पन्हं, त्यात केशर, आणि वरून सोडा ओतल्यामुळे काठापर्यंत फेस.

"वा," साहेब म्हणाले. "विलायतेतही जेवणाआधी असंच काहीतरी घ्यायची पद्धत आहे. याने भूक खवळते."

धनाजीरावांनी त्यातला "वा" तेवढा ऐकला आणि आत खूण केली. दुसरा पेला आला. आमसुलाचं सार म्हणावं तर गार, सरबत म्हणावं तर आल्याच्या सोड्याने जिभेला चावणारं. साहेबांनी तोही संपवला आणि बाह्या थोड्या वर सारल्या. तिसरा वाळ्याचा, हिरवागार, लिंबू पिळलेला, आणि तळाशी तो सब्जा. साहेबांनी तळाचा सब्जा बोटाने काढून अगदी चावून चावून खाल्ला.

"छान झालंय," ते म्हणाले. "आता पानं मांडायला हरकत नाही."

धनाजीराव हसले. परीक्षेतला अवघड प्रश्न हाच, हे त्यांनी ओळखलं.

"साहेब, तुम्ही निश्चिंत असा. आमच्या घरी तुमचं व्रत मोडणार नाही. आज अन्नाचा कणसुद्धा पुढे येणार नाही."

लक्ष्मणरावांनी वर सारलेल्या बाह्या पुन्हा खाली ओढल्या. ज्या माणसाचा उपास लोकांनी इतक्या आदराने धरून ठेवलाय, त्याने मला उपास नाही असं कोणत्या तोंडाने सांगायचं? चौथा पेला आला, शहाळ्याच्या पाण्यात कोवळी मलई आणि गुलाब. नेमका तेव्हाच वारा फिरला आणि गोठ्याकडून मटणाचा वास सरळ बैठकीत आला.

साहेबांचा पेला हवेतच थांबला.

"शेजारचा वास आहे," धनाजीराव घाईघाईने म्हणाले. "माणसांना काही ताळतंत्र नाही, एकादशी आहे म्हणून."

"शेजारी कोण राहतात?" साहेबांनी विचारलं. त्या आवाजात राग नव्हता, उलट ओळख करून घ्यायची इच्छा होती. पण धनाजीरावांना ते कळायला आणखी बराच काळ जावा लागला.

पाचवा पेला टरबुजाचा होता. तो संपवून साहेब उठले. बदलीचं धनाजीरावांनी चाचरत विचारलं, तेव्हा ते फक्त "बघू" म्हणाले आणि टांग्यात बसताना पोटावर हात धरून बसले. त्या रात्री दुर्गाने पुस्तकं मिटून ठेवली, ते बघून निरुपमाला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंदाकिनीबाई स्वतः आल्या. मराठ्यांच्या घरी जेवायला गेलेला नवरा परत येऊन "मी फक्त सरबत घेतलं" म्हणतो, यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. विलायतेच्या त्या दोन वर्षांवरही तो कधी बसलेला नव्हता. निरुपमाने त्यांना बसवलं, एकेक पेय करून दाखवलं, आणि केलेलं जेवण गोठ्यात कसं नेऊन ठेवलं तेही सांगितलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"स्वतःच्या घरचं अन्न बाजूला सारलंत, यांच्या एकादशीसाठी!" त्या म्हणाल्या. "अशा माणसांना ओख्याला पाठवतात होय? बघतेच मी."

निघू घातलेला बदलीचा हुकूम त्याच आठवड्यात फिरला. इतकंच नाही, तर तेव्हापासून दर एकादशीला कीर्तन आटोपून मंदाकिनीबाई नवऱ्याला घेऊन काकड्यांकडे येऊ लागल्या. साहेबांपुढे ओळीने पेले येत आणि ते मुकाट्याने पीत. श्रावणात निरुपमाने डाळिंबाचा एक नवा प्रकार काढला, तेव्हा तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

पण ओखामंडळाची जागा रिकामीच होती. दिवाळीनंतर तिथे कोणाची नेमणूक झाली हे कळलं, तेव्हा कचेरी थक्क झाली. लक्ष्मणरावांनी स्वतःचंच नाव सुचवलं होतं. मंदाकिनीबाई मंदिरातलं कीर्तन सोडून जायला तयार नव्हत्या, तेव्हा ते एकटेच निघाले.

स्टेशनवर निरुपमाने त्यांच्या हातात एक जड पितळी डबा दिला. साहेबांनी त्याच्याकडे घाबरून पाहिलं. तिने हळूच सांगितलं, की गाडी छाणी स्टेशनच्या पुढे गेली की मगच उघडा.

गाडी हलल्यावर धनाजीरावांनी विचारलं, "काय दिलंस डब्यात?"

"मटण आणि भाकरी. त्या दिवशी राहून गेलेलं जेवण."

"एटले, म्हणजे त्यांना उपास नव्हता हे तुला ठाऊक होतं?"

"दुसऱ्या पेल्यापासून. आमसूल पिताना कोणी बाह्या सारतं का?"

"मग तेव्हाच वाढलं का नाहीस?"

निरुपमा लांब जाणाऱ्या गाडीकडे बघत होती.

"वाढलं असतं, तर ते घरी जाऊन बाईंना सांगता आलं असतं का त्यांना? आणि मग हुकूम फिरवला असता कोणी?" ती म्हणाली. "चला आता. दुर्गाची शाळा सुटेल."