रज्जाकचाचांची बिननावाची वेल

रज्जाकचाचा औषध कुटायला बसले की रोग्याला भिंतीकडे तोंड करून उभं करत.

आलापल्लीत आमच्या घराला लागून त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दारातल्या कडुनिंबावर अंगठ्याएवढी जाड गुळवेल चढली होती. तिची दोऱ्यांसारखी मुळं थेट हवा भरायच्या पंपावर लोंबायची. ताप, अपचन, कावीळ, बकरीनं चारा टाकणं, सगळ्यावर तीच. पण तिचं नाव काढायचं नाही. "नाव घेतलं का गुण गेला," चाचा म्हणत. तोडलेली वेल ते फाटक्या ट्यूबमध्ये कोंबून, लपवत आत नेत. तोडताना अख्खा चौक बघत असे, ते वेगळं.

एकदा जंगल खात्याचे मोठे बाबू भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "चाचा, गुळवेल जरा बारीक कुटा. घशात अडकते."

चाचांनी कुटलेलं सगळं बकरीपुढे टाकलं. "उद्या या. आजचा गुण तुमीच घालवला."

मी चंद्रपूरला इंग्रजी शाळेत होते. सुट्टीत घरी आले की चाचांच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायचे. तिथे कुणी मला बोलायला लावत नसे. एकदा पुस्तकातल्या चित्रात वेलीची तीच पानं निघाली, पत्त्यातल्या बदामासारखी. चाचांनी चित्राखालचं नाव काळ्या बोटानं झाकलं. "बेटा, इंग्रजीत बी नको वाचू."

शाळा संपवून मी घरी परतले, त्या पावसाळ्यात चाचीचा ताप उतरेना. पाच दिवस काढा झाला. सहाव्या दिवशी तिनं चाचांनाच विचारलं, "तुमी कोन होय जी?" तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

"घरी काय पाजलं?" डॉक्टर म्हणाले.

"जंगलाची चीज हाये, साहेब."

"नाव सांगा. त्याशिवाय मी औषध कसं देऊ?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते नाव दोन भाषांत येत होतं, पण तोंड उघडलं नाही. मग त्यांनी चाचीचं डोकं हलकेच भिंतीकडे वळवलं आणि स्पष्ट म्हणाले, "गुळवेल."

चाची बरी झाली. महिन्याभरानं मोठे बाबू पोट धरून आले आणि न सांगताच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"फिरा इकडं, बाबू. आता गुण नाई राह्यला."

"काऊन? कुठी गेला?"

निंबाखाली चाची बकरीवर खेकसत बसली होती. चाचांनी तिकडे बोट केलं.

"तो काय, तिथी बसून हाये."