अर्धी माझी, अर्धी सासूबाईंकडे

मधोमध सुटी होणारी बंदूक घ्यायचं मी ठरवलं ते निव्वळ तत्त्वासाठी. (तत्त्वासाठी घेतलेल्या वस्तूंमुळे गॅरेजात गाडी मावत नाही, असं कोरीन म्हणते. कोरीन माझी बायको. गाडी तिची आहे.)

आता तत्त्व सांगतो. वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या डोंगरांत माणसाची पत त्याच्या आजोबांनी मागे ठेवलेल्या रायफलवरून ठरते. माझे सासरे डेल्बर्ट हॅचर यांच्या कपाटात अक्रोडाच्या दस्त्याच्या रायफली अशा ओळीने उभ्या आहेत, जसे लग्नाच्या फोटोत वऱ्हाडी. माझ्या आजोबांनी मागे ठेवलं ते एक अकॉर्डियन, तेही एका बाजूने फाटलेलं. मी राज्यशास्त्र शिकलो, काउंटीच्या वाचनालयात काम करतो, आणि वारशाने मिळालेला मोठेपणा मला सहन होत नाही. त्यामुळे पिस्तुलाच्या गोळीवर चालणारी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, दिसली तेव्हा मला बंदूक दिसलीच नाही. मला समता दिसली. किंमत कमी, गोळ्या स्वस्त. गोळ्या भरायचं जे मॅगझिन पिस्तुलाला तेच हिला. धक्का इतका हलका की खांद्याला पत्ता लागत नाही. आणि हाताने पिळली की पुढे नळी, मागे दस्ता, असे दोन तुकडे होऊन साध्या पाठपिशवीत बसतात.

सगळा उन्हाळा मी पर्यायांचा अभ्यास केला. एक पिळून सुटी होते, एक पुस्तकासारखी मिटते, एकीची खीळ काढावी लागते. वर बसवायची लाल ठिपक्याची दुर्बीण वेगळी, पट्टा वेगळा. हे सगळं मी कोरीनला स्वयंपाकघरात बसवून समजावत असे.

"मी एकदा उडवून बघू?" ती विचारायची.

"आधी पर्याय तर समजून घे."

"समजले. पिळायची, मिटायची, खिळीची. आता उडवू?"

"कोरीन, घाई करू नकोस. हा विचाराचा विषय आहे."

(घाईचा आरोप मी दुसऱ्यावर केल्याची माझ्या आयुष्यातली ही एकमेव वेळ.)

शेवटी पिळायची घेतली. पहिल्या आठवड्यात मी ती जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा जोडली आणि सोडवली, की कुस्करलेल्या बटाट्यात बंदुकीचं तेल निघालं. कोरीनने काटा खाली ठेवला.

"यापुढे हिचे दोन तुकडे एका घरात राहणार नाहीत," ती म्हणाली. "दस्ता इथे, कुलपात. नळी आईकडे. नेम धरायला जाशील तेव्हा आईकडून घेऊन जा आणि परत देऊन ये."

"हा व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे."

"बटाट्यावर घाला तू घातलास."

अशी माझी अर्धी बंदूक सासरी नांदायला गेली.

रविवारी चर्चनंतर सासऱ्यांकडे बिस्किटं (आमच्याकडची, मऊ पावासारखी) आणि ग्रेव्ही खायला जमलो, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे मिस मॅक्सीननी (लग्न झालेल्या बाईलाही आमच्याकडे आदराने मिस म्हणतात), ती नळी टॉवेलात गुंडाळून कोठीच्या कपाटात ठेवली. सासरे बघत होते.

"हे काय, छत्री?"

"कार्बाइन आहे, सर. सुटी होते."

"मीही रोज सकाळी उठताना सुटा होतो, प्रोफेसर. त्याचं कौतुक सांगत फिरत नाही."

मला ते प्रोफेसर म्हणतात. आमच्याकडे ही शिवी आहे.

खरं दुखणं वेगळंच होतं. नोव्हेंबरात हरणांच्या मोसमात सगळं घर डोंगरातल्या कँपवर जातं. लग्न झाल्यापासून तिथे मी शेगडीशेजारी जमिनीवर झोपतो आणि भांडी घासतो. खिडकीजवळचा बंक, म्हणजे भिंतीला जोडलेला फळीचा पलंग, सासऱ्यांच्या भावाचा होता. तो फ्लोरिडाला गेल्यापासून बंक रिकामा आहे, तरी मी जमिनीवर. तो बंक म्हणजे नुसती गादी नव्हे. तो मिळाला की माणूस या घरातला झाला. मला तो हवा होता. (समतावादी माणसालाही पाठ असते.)

त्यात लॉटरी लागावी तशी बातमी आली. आमच्या गावचं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं आहे, आणि नव्या पाइपासाठी ते दर शरदात नेमबाजीची जत्रा भरवतं. यंदा मोठ्या रायफलींच्या आवाजाला शेजारची चर्चवाली मंडळी कंटाळली, म्हणून जाहीर झालं की फक्त पिस्तुलाच्या गोळीच्या कार्बाइन चालतील. पोलादी तबकड्या पाडायच्या, सगळ्यात कमी वेळ लागेल त्याला धुरावलेला अख्खा हॅम, म्हणजे डुकराची मांडी.

सासऱ्यांचा चेहरा पडला. मी रविवारच्या टेबलावर मुद्दाम विषय काढला.

"तुम्ही उतरणार ना, सर?"

"छत्र्यांच्या शर्यतीत?" ते म्हणाले. मग बराच वेळ बिस्किटाने ग्रेव्ही पुसत राहिले. "पण एक सांगतो. या घरातलं जे कोणी तो हॅम घरी आणेल, त्याला खिडकीचा बंक. उरलेल्यांनी भांडी."

"हे सगळ्यांनी ऐकलं," मी म्हणालो.

"ऐकलं," सासूबाई म्हणाल्या.

"ऐकलं," कोरीन म्हणाली.

मी झपाटून सरावाला लागलो. म्हणजे लागणार होतो. दर शनिवारी सासूबाईंकडून नळी घ्यायची, खाणीपलीकडच्या मैदानावर जायचं, आणि पहिल्याच गोळीला कळायचं की नेम सरकलाय. नेम धरायची चकती नळीवरच असते. ती मी नीट बसवून ठेवावी आणि पुढच्या शनिवारी ती दोन खाचा डावीकडे गेलेली असावी. मी दिवसभर ती परत बसवत बसायचो. नळी मात्र आतून-बाहेरून लखलखीत आणि लिंबाच्या तेलाचा वास येणारी. सासूबाईंना स्वच्छतेचं वेडच आहे, पुसताना हललं असेल, असं मी धरून चाललो. गोळ्यांचे डबेही लवकर संपत. मी गोळ्यांच्या कंपनीला फोन करून खडसावलं, की तुम्ही डबे भरताना गरिबाला फसवता. पलीकडची बाई म्हणाली, सर, मोजून बघितलंत का. मी म्हणालो, प्रश्न मोजण्याचा नाही, वृत्तीचा आहे.

कोरीनचा तेव्हा वेगळाच छंद चालला होता. दर गुरुवारी ती आईबरोबर रजई शिवायला जायची. आठवड्यांमागून आठवडे गेले तरी रजईचा एक चौकोन पुढे सरकला नव्हता. अशा कलांना संयम लागतो, तो माझ्यात नाही, म्हणून मी काही बोललो नाही.

जत्रेच्या सकाळी कोरीनने माझी पाठपिशवी भरून, चेन लावून दारात ठेवली. "दस्ता आत आहे. तू लवकर जा, खुर्च्या मांडायला माणसं हवीत. नळी आई घेऊन येईल. माझी बंदूक, माझी बंदूक म्हणून मिरवू नकोस, नाव पुकारतील तेव्हाच उघड."

मी गेलो. खुर्च्या मांडल्या. पेपरोनी रोलच्या, म्हणजे सॉसेज भरलेल्या पावांच्या, टेबलाशी उभा राहून पाहतो तर शेजारीच हातात रोल घेतलेले सासरे, आणि त्यांच्या खांद्याला माझ्यासारखीच पिशवी.

"काय आहे सर पिशवीत?"

"गळ. मासे पकडायचा."

"जत्रेत?"

"इथून परस्पर नदीवर जाणार आहे."

"पिशवी माझ्यासारखीच आहे."

"जगात एकच पिशवी आहे का?" ते तापले. त्यांचे कान लाल झाले होते. मी तिथेच उभा राहिलो. ते रोल तोंडात कोंबत राहिले, पण चावत नव्हते. अखेर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"सप्टेंबरात घेतली," ते पुटपुटले. "तुझ्यासारखीच. पिळायची. हसलास तर बघ."

मी हसलो नाही. मला तर गहिवरून आलं. डेल्बर्ट हॅचर माझ्या विचारांचे झाले होते. "मग कुठे ठेवता, सर? कपाटात तर दिसली नाही."

"मॅक्सीनने तीच अट घातली जी तुला घातली. म्हणे, जावयाला एक न्याय आणि मला दुसरा नको. दस्ता माझ्याकडे, नळी कोरीनकडे, तुमच्या घरी. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आज ती घेऊन येणार आहे."

"माझी नळी मिस मॅक्सीन आणणार आहेत."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सासरे हिशेबाला माझ्यापेक्षा चलाख आहेत. त्यांनी बोटांनी हवेत दोन घरं काढली.

"माझ्या घरात तुझी नळी," ते सावकाश म्हणाले, "आणि माझा दस्ता."

"माझ्या घरात तुमची नळी आणि माझा दस्ता."

"दोन्ही एकाच बनावटीच्या."

"एकीची नळी दुसरीला बसते, सर. पर्याय निवडताना मी ते खास बघितलं होतं."

"म्हणजे इतके दिवस अर्धी बंदूक तुझ्याकडे होती, अर्धी माझ्याकडे," सासरे म्हणाले, "आणि त्या दोघींकडे अख्खी. प्रत्येकीकडे."

आम्ही पिशव्या उघडल्या. माझ्या पिशवीत स्वयंपाकघरातल्या टॉवेलात गुंडाळलेलं लाटणं होतं. सासऱ्यांच्या पिशवीत व्हॅक्यूम क्लीनरची नळी होती. ("नळी आणली म्हणायची," ते म्हणाले. त्या दिवशीचा त्यांचा एवढाच विनोद.)

तेवढ्यात भोंग्यावरून नाव पुकारलं गेलं: मॅक्सीन हॅचर.

सासूबाई चर्चला घालतात तोच फिका निळा स्वेटर घालून रेषेवर आल्या. कानांवर आवाज अडवायची टोपणं चढवली, केस विस्कटू नयेत म्हणून वरून हलकेच थापटले, आणि टंग, टंग, टंग, सगळ्या तबकड्या अशा निजवल्या जशी त्यांनी पोरं निजवली असतील. मग कोरीन. ती त्याहून जलद. शेवटची तबकडी पडली तेव्हा वेळ धरणाऱ्या माणसाने घड्याळ कानाला लावून पाहिलं.

हॅम कोरीनच्या हातात आला. मी पुढे झालो. माझ्या आवाजात थोडं दुखावलेपण होतं, आणि ते मी लपवलंही नाही.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतं. उडवून बघू का, म्हणून. उन्हाळाभर."

"पण मी म्हणत होतो की ही सगळ्यांची बंदूक आहे. सामान्य माणसाची."

"ते पटलं मला," ती म्हणाली. "फार छान सांगतोस तू. मी सामान्य माणूस आहे, म्हणून घेतली."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?" सासरे बायकोवर घसरले.

"तुम्ही दोघं लढला असता, एक हरला असता आणि नाताळपर्यंत फुगून बसला असता," सासूबाई म्हणाल्या. "आता दोघंही हरलात. घरात शांतता. डेल्बर्ट, ती नळी नीट आण. व्हॅक्यूमला लागते."

नोव्हेंबरात कँपवर खिडकीचा बंक कोरीनला मिळाला. सासूबाईंना थंडी वाजते, म्हणून त्यांनी सासऱ्यांचा घेतला. शेगडीशेजारी आता दोन अंथरुणं पडतात. शब्द पाळण्यात सासरे पक्के आहेत, त्यामुळे पहिल्या दिवशी दुपारी भांड्यांच्या ढिगाशी आम्ही दोघं उभे होतो, मी घासतोय, ते पुसतायत. सकाळपासून त्या दोघी केबिनच्या मागे नेम बसवत होत्या आणि आता हरणाच्या मागावर गेल्या होत्या.

मला वाटलं, बोलायचं तर आत्ताच. बंक गेला, पण माणूस तर शेजारी होता.

"सर," मी म्हणालो, "पिळायची घेऊन आपण चूक केली असं मला वाटत नाही. पण मिटणारीबद्दल मी पुन्हा विचार केलाय."

त्यांनी मान डोलावली. आजवर त्यांनी माझ्या कुठल्याही वाक्याला मान डोलावली नव्हती. मला स्फुरण चढलं. मिटणारी कशी आणखी लहान पिशवीत बसते ते सांगितलं. खिळीचीचे गुणदोष सांगितले. लाल ठिपक्याची दुर्बीण सांगितली. तिथून मी वारसा, समता आणि सामान्य माणसाची प्रतिष्ठा इथवर आलो. राजम्याचं मोठं पातेलं घासून होईपर्यंत बोलत होतो, आणि ते अधूनमधून मान डोलावत, शांतपणे ताटं पुसत होते. शेवटी मी म्हणालो की सर, इतक्या वर्षांत तुम्ही माझं पहिल्यांदाच ऐकून घेतलंत.

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं, आधी एका कानातून आणि मग दुसऱ्या कानातून स्पंजाचा पिवळा बोळा काढला.

"या बायका सकाळपासून ठो ठो करतायत," ते म्हणाले. "काही म्हणालास का, प्रोफेसर?"