लग्नातली पँट

माझं पोट वाढलंय, असं म्हणणाऱ्याला मी एकच उत्तर देतो. लग्नातली पँट घालून त्याच्यासमोर उभा राहतो!

बारा वर्षं झाली, आजही ती पँट मला बसते. बटण लागतं, चेन लागते, श्वासही घेता येतो. बायको शिवणकाम करते, पण त्या पँटला इस्त्रीवाल्याचाही हात लागू देत नाही. "लग्नाची आठवण आहे," म्हणते. असा सुखी संसार आमचा! दुःख एकच, सोफ्यामागचं फुलाफुलांचं कापड कुरतडणारा उंदीर. दोन वर्षं पिंजरा लावलाय, पण बेटा सापडत नाही.

तर आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तपासणी निघाली. डॉक्टरीणबाई 'फिट' म्हणतील त्यानेच लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं. बाकीच्यांनी टेबलाशी बसून तक्रारींचे फोन घ्यायचे. मी आणि फोन? जन्मात नाही! मी ठणकावून सांगितलं, "फोनवर बसेल तो हत्ती!"

हत्ती म्हणजे आमचा स्टोअरकीपर. कमरेखाली इतका ऐसपैस, की त्याला दोन खुर्च्या लागतात. त्याला बाई म्हणाल्या, "वजन कमी करा, पण तूर्त फिट."

मग माझी पाळी आली. वजन अगदी बेताचं भरलं. मी मिशीला पीळ देणार, तोच बाईंनी पोटाभोवती टेप गुंडाळली.

"अनफिट."

"अहो, काट्यावर पाहिलंत ना? हातपाय बघा माझे, काड्या आहेत काड्या!"

"तेच तर! चरबी किती, एवढंच बघून चालत नाही. ती कुठे साठलीय तेही बघावं लागतं. त्यांची मांड्यांवर आहे. तुमची सगळी पोटात, आतड्यांभोवती. तिथली चरबी जास्त वाईट. तिच्यामुळे हृदयावर ताण येतो, पुढे ते थकू शकतं. जिना चढताना दम लागतो?"

"मी लिफ्टवाला आहे! जिना कशाला चढू? आणि तुमची टेप आटलीय!"

"बरं. टेप कशावर तपासायची?"

मी या क्षणाचीच वाट पाहत होतो. पडद्याआड गेलो, पँट काढली आणि वरून बाहेर फेकली. "आत लेबल आहे. बत्तीस कंबर! मोजा!"

बाहेर टेपची सरसर ऐकू आली. मग हत्तीचा आवाज आला, "साहेब, लेबलवर बत्तीस आहे, पण पँट भरतेय चाळीस."

"उलटी करून बघ!"

त्याने उलटी केली. मग जो हशा पिकला, तो ऐकून पलीकडच्या खोलीतली माणसंही धावत आली. माझी पँट हातोहात फिरू लागली! मी तपासणीच्या पलंगावरची चादर गुंडाळून पडद्याबाहेर झेपावलो, हत्तीच्या मागे टेबलाला दोन फेऱ्या मारल्या आणि धापा टाकत पँट हिसकावली. मागची शिवण उसवून आत पट्ट्या घातल्या होत्या. एक माझ्या जुन्या गणवेशाची, दुसरी बेडरूमच्या पडद्याची. तिसरी फुलाफुलांची.

ती फुलं मी ओळखली. उंदीर सापडला होता!

तिथूनच बायकोला फोन लावला. "माझ्या पाठीमागे हे धंदे?"

"पाठीमागेच ना! तिथे तुम्ही कधी बघता?" ती म्हणाली. "पोट सुटलंय म्हटलं की दोन दोन दिवस अबोला धरता. म्हटलं, भांडण्यापेक्षा शिवलेलं बरं." मग तिचा आवाज एकदम उतरला. "तुम्हाला धाप का लागलीय? अहो, बरं आहे ना?"

तिचा तो आवाज ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. तेवढ्याने पोट कमी झालं नाही, ती गोष्ट वेगळी. बाईंनी छातीला नळी लावली आणि हृदयाची तपासणी लिहून दिली.

हृदय अजून ठीक निघालं. "अजून" या शब्दावर बाईंनी भलताच जोर दिला. सध्या मी फोनवर बसतो, हत्ती खड्ड्यात उतरतो आणि रोज घरी मी जिना चढतो. पण शरणागती? छे! टेप आटलेलीच होती, हे माझं मत कायम आहे.

काल बायकोने फुलाफुलांची पट्टी पँटमधून काढली आणि सोफ्याला परत शिवली. उंदराचा पिंजरा मात्र मी जागचा हलू दिलेला नाही. माघार म्हणजे घेणारच नाही!